वरच्या वस्तीला न गेलेला बूट

मी उजव्या पायाचा बूट बोलतोय. डावा माझ्यासारखाच आहे, पण तो गप्प राहतो. बोलणं मलाच भाग आहे, कारण चावायचो मी.

जाड काळं कातडं, दुहेरी शिवण, टाचेत कडक पट्टी. ज्याने मला शिवलं, त्याच्या हातात खोट नव्हती. जिल्हा कचेरीने आम्हाला एकगठ्ठा विकत घेतलं. कुणाच्या पायाचं माप कुणी विचारलं नाही. स्टोअरवाला म्हणाला, घाला, होतील सैल. मी सैल होणाऱ्यातला नव्हतो. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा.

माझे मालक कचेरीतले सर्वेवाले. दरवर्षी पिकं निघाली की यादीतल्या घरांना जायचं आणि वर्षाला घरात किती येतं ते विचारायचं, हे त्यांचं काम. मग साहेब त्या घरांना कमाईप्रमाणे कागदावर एका रांगेत उभं करत. सगळ्यात कमी या टोकाला, सगळ्यात जास्त त्या टोकाला. बरोबर मधलं घर जे कमावतं, तो त्या वर्षीचा जिल्ह्याचा आकडा. भिंतीवरच्या तक्त्यावर तो चढायचा.

मी उंबऱ्याच्या आत कधी गेलो नाही, पण माणसं उंबऱ्यावरूनही कळतात. कमाई विचारली की नवरा बायकोकडे बघतो आणि बायको छपराकडे. एक सुतार म्हणाला होता, "आधी तुमचा पगार सांगा, मग मी माझी थाप मारतो." मालक अशा माणसाशी गोडीगुलाबीने बोलत बसत आणि खरं तेवढं काढून घेत. कामात ते कच्चे नव्हते.

यादीत डोंगरावरच्या वस्तीचीही घरं असत. तिथे रस्ता नाही, नुसती दगडांची चढण. पहिल्या वर्षी आम्ही निघालो. सपाटीवर मी कुणाला त्रास देत नसे. चढ लागला की टाच धरायचो. अर्ध्या वाटेत मालकांचा मोजा रक्ताने भिजला. बूट काढून चढता आलं असतं. पण सरकारी माणूस लोकांच्या दारात अनवाणी जाणार? ते परत फिरले.

कचेरीचा नियम होता, घर बंद असेल तर दुसरं घ्यावं. मालकांनी वरच्या घरांपुढे 'बंद' लिहिलं आणि डांबरी सडकेवरची घरं घेतली. दुकानदार, गिरणीवाला, ट्रकवाला. पुढच्या वर्षी तर त्यांनी चढणीकडे पाहिलंही नाही. वरच्या वस्तीत त्यांची थोरली बहीण दिली होती. तिचं घर यादीत आलं, तेही बंद.

आकडा वाढत गेला. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. जिल्हा वर आला म्हणाले. जिल्हा होता तिथेच होता. आम्ही खाली उतरलो होतो.

गरीब जिल्ह्यांना दवाखान्यांसाठी जादा पैसा मिळे. आता आपला जिल्हा गरीब नाही, म्हणून तो थांबला. वरच्या वस्तीचा दवाखाना बंद झाला. तिथली नर्स रोज मालकांच्या दाजींच्या पायाची जखम धुवायची. त्यांना साखरेचा आजार. नर्स गेली आणि जखम चिघळली. माणसांनी त्यांना खुर्चीला बांधून खाली आणलं. डॉक्टरांनी दोन बोटं काढली. रोज मलमपट्टी हवी, म्हणून दाजी मालकांच्या बाहेरच्या खोलीतच राहिले.

एके दिवशी मालक नुकतेच कचेरीतून आले होते. मी पायातच होतो. दाजींना बघायला आलेल्या ताईने विचारलं, "जिल्हा श्रीमंत झाला म्हणे. आमच्याकडे कोण आलं होतं रे विचारायला?"

"यादीत होतं तुझं घर."

"मग?"

"बंद होतं, असं लिहिलं."

ताईने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "दार लावून मी कुठे जाते रे?"

मालक माझ्याकडे बघत होते.

त्या वर्षी ते वर गेले. चढण लागली तसा मी चावलो. मला दुसरं येतच नाही. त्यांनी आम्हाला काढलं, नाड्या बांधून खांद्यावर टाकलं आणि अनवाणी चढले. एका म्हातारीने विचारलं, "बूट दाखवायला आणलेत होय?" मालक म्हणाले, हो आजी. मग ते घरोघर बसले. कुणी काही लपवलं नाही. लपवण्याइतकं कुणाकडे नव्हतंच.

आकडा घसरला. एका वर्षात जिल्हा एवढा खाली कसा, असं साहेबांनी विचारलं. मालकांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. साहेबांनी मागच्या वर्षांचे कागद काढले. मग म्हणाले, एकट्या वर्षावर कुणी विश्वास ठेवत नाही. पैसा देताना सरकार मागची काही वर्षं एकत्र धरूनच आकडा काढतं. म्हणजे आमची खोटी वर्षं खऱ्या वर्षात कालवली गेली. ती मागे पडेपर्यंत दवाखाना नाही. मालकांचं सर्वेचं काम काढून घेतलं.

आता मी दाराशी पडून असतो. कुणी पॉलिश करत नाही, आणि करूही नये. एवढंच मागणं आहे: पायाला बूट चावला तर बूट फेकून द्या. उघड्या घराला बंद म्हणू नका.

वर गुरं आहेत, म्हणून ताई तिथेच राहते आणि दर दोन-चार दिवसांनी दाजींना बघायला ती चढण उतरून येते. तिच्या चपला माझ्याजवळ काढलेल्या असतात. टाचा पार झिजल्यात, एका अंगठ्याला दोरी बांधलीय. आत ती हळूहळू दाजींची पट्टी सोडत असते. मी त्या चपलांकडे बघत नाही.