हळदीचे डाग

वॉलनट, स्मोक्ड ओक, नॅचरल टीक. दोन महिने लाकडाच्या रंगांची ही नावं ऐकून माझं डोकं पिकलं होतं. भिंतीला लावायच्या त्या पट्ट्या मला सगळ्या सारख्याच दिसायला लागल्या होत्या, आणि खरं बघायला गेलं तर त्यात लाकूड नव्हतंच.

भिवंडीजवळ अंजूरला सासऱ्यांचं शेतावरचं जुनं घर आहे. आजूबाजूला गोदामं उठली, ते तेवढं उरलं. आम्ही राहतो भिवंडीत, फ्लॅटमध्ये. खिडकीखाली लूमचा कारखाना. चोवीस वर्षं मी त्या खडखडाटात झोपते, म्हणजे झोपत नाही. 'अंजूरचं घर नीट करू, तिकडं राहू' हे टुमणं मी आमच्या ह्यांच्यामागं, म्हणजे मनोजशेठांमागं, इतकी वर्षं लावलं की यंदा त्यांनी खरंच काम काढलं. सगळा गाव त्यांना शेठ म्हणतो. राग आला की मीही म्हणते. लाद्या, पट्ट्या, सगळं तू निवड, म्हणाले. त्या आनंदात दुकानं पालथी घातली आणि पायांची वाट लावून घेतली.

त्या रविवारी भाविकभाईंच्या दुकानात शेवटचं ठरवायचं होतं. त्यांनी चकचकीत लादी पुढं केली.

"भाभी, ग्लॉसीचा लुक एकदम रिच."

"आनि धूळ? दारावरनं दिवसभर गोदामांचे ट्रेलर जातात. पुसनार कोन, तुमी?"

मी लाकडासारख्या रेषांची, मॅट लादी ओढली. चप्पल काढून तिच्यावर उभी राहिले. पायाला बरं वाटलं. हीच, असं मी म्हणणार, तेवढ्यात इतका वेळ मोबाइलमध्ये असलेल्या मनोजशेठांनी मान वर केली.

"भाविकभाई, हिच्यावरनं हळदीचे डाग निघतील ना?"

आमच्यात लग्नापेक्षा हळद मोठी, सगळा गाव नाचतो. निशाचं, आमच्या लेकीचं, अजून ठरलंही नव्हतं, आणि बाप तिच्या हळदीचा विचार करत होता! हे घराच्या कामात लक्षच घालत नाहीत म्हणून महिनाभर ह्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याची मला लाज वाटली.

"एखाद-दुसरा फंक्शन असेल तर चालेल," भाविकभाई म्हणाले. "साल में कितने होंगे?"

"सीझनला वीस-बावीस तरी. दोन बुकिंग आलेत पन."

मला आधी कळलंच नाही.

"कोनाचे बुकिंग?"

"अगो, हळदीला फार्महाऊस शोधत फिरतात लोक. हॉल मिळत न्हाय कुनाला."

म्हणजे दोन महिने मी 'घर' म्हणत होते आणि हे 'फार्महाऊस'. मला वाटायचं, शेठपणा मिरवतायत.

"आनि आपन? राहायला कवा जायचं?"

"राहायला फ्लॅट हाय ना आपला," ते म्हणाले. आवाजात काडीचा राग नव्हता. मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

भाविकभाईंनी मॅट लादी बाजूला केली. "मग ग्लॉसीच घ्या भाभी, डाग लगेच जातो. आणि पट्ट्या? वॉलनट की टीक?"

मी चप्पल पायात सरकवली. भांडायला अंगात त्राण नव्हतं.

"शेठना विचारा," मी म्हटलं. "आनि शेठ, निशाचं जमलं तर आमाला पन एक तारीख ठेवा. तवा बुकिंग फुल्ल नको."

मनोजशेठ मोठ्यानं हसले. त्यांना वाटलं, मी मस्करी करते आहे.