पोरं जागी असताना

“मी नाही झोपणार,” चिमी म्हणाली आणि बाहेरच्या दाराला पाठ टेकून खाली बसली.

“झोपू नकोस. नुसती पड,” मावशी म्हणाली.

“पडणार पण नाही.”

दुपार टळत चालली होती. टेबलावर सकाळच्या दुधाचे दोन पेले तसेच होते, एकात माशी पडलेली. धाकटा गुंड्या रडून रडून टेबलाखालीच झोपला होता, बापाचा बूट छातीशी धरून. मावशीने चिमीच्या दंडाला धरून तिला उठवायला पाहिलं, तर पोरीने अंग सैल सोडलं आणि पोत्यासारखी जड झाली. तेव्हा मावशीचा हात उठला.

चिमी रडली नाही. गालावर बोटं उमटली तरी ती तशीच दाराला चिकटून बसून राहिली. त्या आवाजाने गुंड्या मात्र दचकून उठला आणि त्याने भोकाड पसरलं. मावशी मोरीत गेली, नळ सोडला, आणि काही न धुताच पाण्याकडे बघत उभी राहिली.

‘माय मरो आणि मावशी जगो’ ही म्हण ज्याने कुणी केली, त्याने एखाद्या मावशीला विचारून केलेली नसावी. या मावशीने चाळिशी ओलांडली होती. लग्न आधी जमलं नाही आणि पुढे तिनेच तो विषय मिटवून टाकला. कपड्यांच्या कारखान्यात ती काजं करायच्या मशीनवर बसायची. भाड्याची एक खोली, एक स्टोव्ह, एक खुर्ची, एवढा तिचा संसार. लहान मुलं तिला ठाऊक होती ती फक्त शर्टांच्या मापांत.

धाकटी बहीण पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात गेली, ती परत आलीच नाही. मेहुणा दुधाचा टँकर चालवायचा. एकदा गेला की दोन-दोन दिवस घरी नसायचा. भेटायला आलेली माणसं “काही लागलं तर सांगा हं” असं म्हणत एकेक करून पांगली, आणि मावशी तेवढी मागे उरली. आठवड्याची रजा काढून आली होती. रजा संपली, महिना होत आला, ती तिथेच.

घराला काही धरबंध उरला नव्हता. भूक लागेल तेव्हा पाव, झोप येईल तिथे झोप. चिमीची शाळा बुडत होती. गुंड्या लागलेली सवय विसरून पुन्हा चड्डी ओली करायला लागला होता. जिन्यासमोरची शेजारीण दारात उभी राहून म्हणायची, “अहो, पोरांना वळण लावावं लागतं. सगळं कसं वेळच्या वेळी!” तिची स्वतःची मुलं कधीच मोठी होऊन दूर गेली होती, तेव्हा उंटावरून शेळ्या हाकायला ती मोकळी होती. पण त्या संध्याकाळी, चिमीच्या गालावरचा लाल वळ बघताना, मावशीला तिचंच बोलणं आठवलं.

कारखान्यात तिने एक पाहिलं होतं. कॉलर बसल्याशिवाय कॉलरचं काज होत नाही, आणि काज झाल्याशिवाय बटणवाली हात लावत नाही. कितीही घाई असली तरी एकामागून एकच. तिने ठरवलं, सगळा दिवस काही आपल्याला शिवता येणार नाही. आधी सकाळचं एक टोक तरी पक्कं करू.

म्हणून पहिले काही दिवस तिने एवढंच केलं: उठल्याबरोबर खिडकी उघडायची आणि दोघांची तोंडं धुवायची. बाकी मग घर पेटलं तरी चालेल. गुंड्या लाथा झाडायचा, चिमी दात घट्ट मिटून घ्यायची. हळूहळू लाथा थांबल्या. मग त्याला दूध जोडलं. दुधाला वेणी. वेणीला शाळा. चिमीला शाळेच्या फाटकात सोडून परत येताना गुंड्याला चालवतच आणायचं, उचलायचं नाही, रडला तरी. म्हणजे घरी येईस्तोवर त्याला सपाटून भूक लागायची. मग कपडे. टबात पाणी घालून ती त्याला कपड्यांवर उभं करायची आणि तो थयथय नाचायचा. त्यात कपडे किती निघायचे ते कपड्यांनाच ठाऊक, पण निदान तेवढा वेळ तो हसायचा. संध्याकाळी गच्चीवर जाऊन वाळलेले कपडे उतरवायचे. मोज्यांच्या जोड्या लावणं चिमीचं काम. कधीकधी ढिगातून आईचा एखादा ब्लाऊज निघायचा. चिमी तो न बोलता घडी घालून वेगळा ठेवायची.

संध्याकाळच्या दुधाच्या वेळी गुंड्या रोज विचारायचा, “आई कधी?”

पहिल्यांदा मावशी काहीबाही सांगायची. मग एकदा तिनेच मन घट्ट केलं. “आई नाही येणार. दूध पी.” दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. सगळ्या गोष्टी वेळच्या वेळी होत होत्या, तशी हीसुद्धा. एक दिवस ती भांडी घासत होती तर मागून आवाज आला. गुंड्या कापडी कुत्र्याला मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याच्या तोंडाला रिकामा पेला लावून अगदी तिच्याच सुरात सांगत होता, “आई नाही येणार. दूध पी.”

मावशीच्या हातातलं पातेलं निसटलं. “काय पडलं?” चिमीने आतून विचारलं. “काही नाही,” ती म्हणाली.

दुपार मात्र काही केल्या बसेना. शाळेतून आली, जेवली, की चिमी दाराशी जाऊन बसायची. डोळे मिटायला लागले की स्वतःलाच चिमटे काढायची. पण मावशीने पुन्हा हात उगारला नाही. एक दिवस तीही जाऊन शेजारी फरशीवर बसली.

“इथं बसून काय मिळतं ग तुला?”

चिमीने गुडघ्यात तोंड घातलं. मग म्हणाली, “मी झोपले होते.”

“कधी?”

“आईला नेलं तेव्हा. दुपारी. उठले तर नव्हतीच. मला कुणी उठवलंच नाही.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “तू पण जाशील.”

मावशीला समजूत घालायची कला अवगत नव्हती. ती उठली, गादी ओढत आणली आणि दाराला आडवी टाकली. “हे बघ, तू इथं दाराशी झोप. मी आतल्या बाजूने, तुला पोटाशी घेऊन. आता मला जायचं तर तुला ओलांडून जावं लागेल, आणि मला तर गुडघ्याने धड जिनासुद्धा चढवत नाही. कशी जाईन?”

चिमीने तिच्या गुडघ्याकडे निरखून पाहिलं. खात्री पटल्यावर ती आडवी झाली. त्या दिवशी ती अशी झोपली की दिवेलागणीलाच उठली. तेव्हापासून त्या घराची दुपार दारात आडवी पडायला लागली. कुणी दार वाजवलं तर सगळ्यांना उठावं लागायचं. शेजारीण म्हणायची, “हे काय भलतंच!” पण घराचा दिवस आता या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवून झाला होता.

चिमीचे पुढचे दात पडून नवे आले. गुंड्या बालवाडीत जायला लागला. कारखान्यातल्या मशीनवर दुसरी कुणी बसली, आणि भाड्याची खोलीही मावशीने सोडून दिली. शेजारणीने एकदा आडून सुचवलं, “तुम्हीच का नाही हो... घरातल्या घरात? पोरंही तुमचीच झालीत.”

“काहीतरीच बोलू नका,” मावशी म्हणाली. पण त्या दिवसापासून मेहुणा जेवायला बसला की आपण केस सारखे करतो, हे तिच्या लक्षात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली. त्याच्यासाठी नव्हे. तो भला माणूस होता, पण बोलायला टँकरइतकाच. पोरांसाठी त्याने विचारलं असतं, तर ती हो म्हणाली असती.

एका संध्याकाळी तो हातपाय धुऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. “ताई, एक बोलायचं होतं.”

मावशीने गॅस बारीक केला. “बोला की.”

“आमच्या डेपोच्या कँटीनमध्ये एक बाई आहे. एकटीच आहे. नवरा वारला तिचा.”

“कुठल्या कँटीनमध्ये?” मावशीने विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

“डेपोच्या.” त्याने मान खाली घातली. “पोरांना आई हवी, ताई. आणि तुम्ही तरी किती दिवस अडकून पडणार? तुम्हाला तुमचं आयुष्य आहे.”

मावशीने पातेल्यावर झाकण ठेवलं. “भात होतोय,” ती म्हणाली. “बोलवा पोरांना.”

नवी आली ती हातात एक पिशवी आणि चेहऱ्यावर भीती घेऊन. दुष्ट असती तर मावशीला सोपं गेलं असतं. पण ती बिचारी प्रत्येक गोष्ट विचारून करायची. “ताई, याला दूध गार देऊ की कोमट?” “ताई, हिची वेणी सैल चालते का?” मावशी तिला हाताला धरून सगळं दाखवत होती. एक दुपार तेवढी तिने सांगितली नाही. नवी विचारायची, “दारात का झोपता हो?” आणि मावशी म्हणायची, “वारं लागतं.” घरातलं सगळं देऊन टाकलं, एवढं एक मूठभर का ठेवून घेतलं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

जायच्या दिवशी मेहुणा हळूच म्हणाला, “दुपारी पोरं झोपली की निघा. उगाच रडारड नको.”

“नाही,” मावशी म्हणाली. इतक्या जोरात म्हणाली की तो एक पाऊल मागे सरला. “पोरं जागी असताना जाईन मी. रडली तर रडू देत.”

मग तिने नवीला बाजूला घेतलं आणि दाराशी गादी का टाकायची ते सांगितलं. नवीचे डोळे भरून आले. “आधी का नाही बोललात?” तिने विचारलं. मावशी म्हणाली, “राहून गेलं.”

चिमी अभ्यास करत बसली होती. मावशी पिशवी घेऊन तिच्यासमोर उभी राहिली. “मी जाते, चिमे. कारखान्याजवळ खोली घेतलीय. रविवारी येईन.” चिमीने वर पाहिलं नाही. पेन्सिल वहीवर दाबत राहिली, दाबत राहिली, आणि शेवटी टोक मोडलं. गुंड्याने मात्र पायांना मिठी घातली. नवीने ती एकेक बोट करून सोडवली. जिना उतरताना गुडघा बोलत होता, आणि वरून येणारं रडणं पार खालच्या फाटकापर्यंत ऐकू येत होतं.

कारखान्याने परत घेतलं, पण मशीनवर नाही. लोंबणारे दोरे कापायला. रविवारी ती जायची. पहिल्या काही रविवारी गुंड्या तिला सोडत नसे. मग सोडायला लागला. मग एकदा खेळ अर्धा टाकून तो दारापर्यंत आलाच नाही, आतूनच “मावशी आली” म्हणून ओरडला.

त्या रविवारी चिमीच्या दोन वेण्यांऐवजी एकच होती.

“ही कुणी घातली?” मावशीने विचारलं.

“आईने,” चिमी म्हणाली आणि आपण काय बोललो ते कळून एकदम थांबली. तिने मावशीच्या तोंडाकडे पाहिलं. “आई म्हणते, आता मोठी झाले ना.”

“बरोबर म्हणते,” मावशी म्हणाली. “छान दिसते एकच.”

चिमीचा चेहरा सैलावला. “ताई, जेवूनच जा,” आतून नवी म्हणाली. मावशी सवयीने स्वयंपाकघराकडे वळली, तर चिमी आडवी आली. “तू नको. तू बस.” तिने स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि वरच्या फळीवरून निळ्या काठाची ताटली काढली. ती फक्त पाहुणे आले की निघायची. चिमीने फुंकर मारून तिच्यावरची धूळ उडवली, फडक्याने पुसली आणि मोठ्या अभिमानाने मावशीपुढे ठेवली.

मावशीने ती नीट आपल्यासमोर सरकवून घेतली. आत भाताचं झाकण निघाल्याचा आवाज झाला. ती हात मांडीवर ठेवून, कुणी वाढेल म्हणून वाट पाहत बसली.