मे महिन्यातला मफलर

शंतनूच्या घराण्यात सगळे हार्टनेच जातात, असं मी लग्न झाल्यापासून ऐकत आले. सासरे हार्टने, मोठे काका हार्टने, एक आत्या होत्या त्याही झोपेत, हार्टनेच. मी एकदा गमतीत म्हणाले, "तुमच्याकडे मरणाचा एकच ब्रँड चालतो वाटतं," तर सासूबाई आठवडाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. माझी जीभ जरा सैलच आहे, मान्य. पण खोटं मला सहन होत नाही, त्याला काय करणार?

शंतनूला थायरॉइडचा कॅन्सर निघाला. त्यातला नेहमीचा जो होतो, त्याला इथे अमेरिकेत चक्क 'गुड कॅन्सर' म्हणतात. मेला कॅन्सर आणि कसला गुड! पण शंतनूच्या नशिबात तोही नव्हता. त्याचा दुसरा, मेड्युलरी नावाचा, आणि सापडला तेव्हा लिव्हरपर्यंत आणि हाडांपर्यंत पोचलेला. वर्षानुवर्षं त्याला पोटाचा त्रास होता. आमच्या मॉरिसव्हिल गावातल्या यच्चयावत रेस्टॉरंटच्या बाथरूम त्याला पाठ. मी त्याचं दूध बंद केलं, गहू बंद केला, तिखट बंद केलं, वर पुन्हा त्याच्यावर चिडायचे, की नाटकं पुरे तुझी. आणि तो सगळा गळ्यातल्या त्या गाठीचा, तिच्यातून सुटणाऱ्या हार्मोनचा प्रताप होता.

मोठ्या हॉस्पिटलमध्ये एका नव्या गोळीची ट्रायल चालू होती, तिच्यात त्याला घेतलं. तिथे एक जेनेटिक काउन्सेलर, म्हणजे आनुवंशिक आजारांचं बघणारी बाई होती, गोड पोरगी. तिने कागदावर त्याचं घराणं काढायला घेतलं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, गेलेल्या माणसावर आडवी रेघ. तिने विचारलं, वडिलांच्या गळ्याचं कधी ऑपरेशन झालं होतं का?

"नाही नाही, हार्ट," शंतनू म्हणाला. मग त्याला हसू आलं. "बाबा मफलर मात्र घालायचे. नागपुरात, मे महिन्यात! कूलरसमोर बसून मफलर. आम्ही जाम चिडवायचो."

ती हसली नाही. मग शंतनूही हसायचा थांबला.

घरी येताना गाडी मीच चालवत होते. त्याने खिडकीची काच खाली केली. मग म्हणाला, "कुठल्याही लग्नाला गेलो की बाबा आधी संडास कुठे आहे ते बघून ठेवायचे. सेम माझ्यासारखं." मी म्हटलं, "आज आईंना विचारते." त्याच्या आजारपणासाठी त्या नागपूरहून येऊन आमच्याकडेच राहिल्या होत्या.

"आईला काही विचारायचं नाही, हिमे."

"का?"

"कारण तिला माहीत असेल."

त्याच्या रक्तात या कॅन्सरचा जीन निघाला. म्हणजे हा आजार घराण्यातला, आणि प्रत्येक मुलाकडे जायची शक्यता निम्मी. आम्हाला एकच मुलगी, अनिका, नऊ वर्षांची. तिचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मी गराजमध्ये गेले, गाडीच्या काचा वर केल्या आणि घसा फुटेस्तोवर ओरडले. दुसरं काय करणार होते?

त्यात एकच चांगली गोष्ट होती. तिला अजून काही झालं नव्हतं. गाठ व्हायच्या आत थायरॉइड काढून टाकली की संपलं, असं डॉक्टर म्हणाले.

आता राहिल्या नागपूरला शंतनूची मोठी बहीण आसावरीताई आणि तिची मुलगी चैत्राली. मी ताईला फोन केला, म्हटलं टेस्ट करून घे, साधं रक्त द्यायचंय. तर म्हणते, "आई म्हणते आपल्याकडे कोणालाच नव्हतं. बाबा हार्टने गेले. शंतूला झालं ते त्याचं नशीब. आणि चैत्रालीचं आम्ही बघतोय गं सध्या, स्थळं येतायत. असलं काही आत्ता काढू नकोस, प्लीज."

माझं डोकंच फिरलं. शंतनू वर झोपला होता. आई किचनमध्ये मेथी निवडत बसल्या होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले.

"आई, बाबा कशाने गेले?"

"हार्टने. किती वेळा सांगायचं?"

"मी शंतनूसाठी विचारत नाहीये. ताईसाठी आणि चैत्रालीसाठी विचारतेय. खोटं बोललात तर त्या दोघी जातील."

मेथीची काडी तशीच त्यांच्या हातात राहिली. मग त्यांनी सांगितलं. मुंबईला नेऊन बाबांचा गळा उघडला होता. डॉक्टर म्हणाले होते कॅन्सर आहे, आणि हा घराण्यात चालतो. काका त्यानेच गेले होते, आत्याही. "आसावरी दहावीला, शंतू त्याहून लहान. दोन पोरं पदरात टाकून हे निघाले होते. रक्तातला रोग म्हटल्यावर माझी मुलगी कोण करणार होतं? घरच्या सगळ्यांनी मिळून ठरवलं, हार्ट म्हणायचं. व्रण दिसू नये म्हणून मफलर."

"डॉक्टरांनी मुलांचं काही सांगितलं नाही?"

"सांगितलं ना. मुलांच्या गळ्यावर लक्ष ठेवा, गाठ लागली तर लगेच घेऊन या."

"मग?"

"मग ठेवलं की लक्ष!" त्या एकदम ओरडल्या. दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "या हातांनी ठेवलं. दर रविवारी तेल लावायच्या निमित्ताने गळ्यावरून बोटं फिरवायची मी. झोपल्यावर फिरवायची. नोकरीला लागला तरी सोडलं नाही. तू आलीस आणि हसायला लागलीस, एवढा घोडा झाला तरी आईकडून तेल लावून घेतो म्हणून."

हसायचे खरी. मीच नाही, सगळेच हसायचे.

"अमेरिकेला आला नि मग माझे हात पोचेनात गं," त्या म्हणाल्या.

मला इतका राग आला होता, इतका राग, की ताट उचलून भिंतीवर मारावंसं वाटत होतं. आणि तो राग या बाईवर काढावा तर ती समोर हात पसरून रडत होती. अर्धवट माहितीवर, एकटीने, कोणाला न सांगता, हात पोचत होते तोवर तिने पहारा दिला होता. मी खाली बसले आणि तिची मेथी निवडू लागले.

नागपूरला सकाळ झाली तेव्हा आईंनी स्वतः व्हिडिओ कॉल लावला. "आसावरी, तुझे बाबा हार्टने गेले नाहीत," एवढंच म्हणाल्या, पुढचं मला सांगावं लागलं. ताईने फोन आपटला. पण टेस्ट केली. तिच्यात तो जीन नव्हता, म्हणजे चैत्रालीलाही नाही. आमच्या घरात त्या महिन्यात कोणी हसलं असेल तर त्या फोनवर.

शंतनूची गोळी तोवर लागू पडेनाशी झाली होती. आवाज बसला होता, वजन निम्मं झालं होतं. अनिकाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याने मला जवळ बसवलं. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आईने सांगितलं ते कळलं मला. बरं झालं. पण एक गोष्ट तिला कधी कळू देऊ नकोस. लहानपणी माझंही असं काढलं असतं तर मी वाचलो असतो, हे. तेवढं एक पोटात ठेव, हिमे. माझ्यासाठी." मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार?

ऑपरेशन झालं. शंतनूला व्हीलचेअरवरून अनिकाकडे आत नेलं आणि वेटिंग रूममध्ये आई नि मी राहिलो. सर्जन बाई टोपी काढत बाहेर आल्या. त्या बोलत होत्या आणि मी आईंना मराठीत सांगत होते. थायरॉइड पूर्ण निघाली. तिच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, शरीरातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या, त्या चारही वाचवल्या. कॅन्सर झालेलाच नव्हता. आता रोज सकाळी एक गोळी आणि अधूनमधून रक्त तपासायचं. बाकी ती म्हातारी होईपर्यंत जगेल.

आईंनी हात जोडले. मग त्यांचे हात तसेच राहिले.

"हिमानी, विचार त्यांना. शंतूचंही लहानपणी असंच काढलं असतं तर?"

मी विचारलं नाही. म्हटलं, "आई, तेव्हा अशी ऑपरेशनं नव्हती हो. आणि त्याचं वेगळं होतं. काही फरक पडला नसता."

"तिला विचार ना."

"विचारायचं काय त्यात? मला माहितीये."

सर्जन बाई आमच्याकडे आळीपाळीने बघत होत्या. "डझ शी हॅव अ क्वेश्चन?"

"नो, नो," मी म्हटलं.

आई खुर्चीतून उठल्या. इथे आल्यापासून त्या बाहेरच्या कोणाशी इंग्रजीत एक शब्द बोलल्या नव्हत्या, दुकानातसुद्धा माझ्या मागे उभ्या राहायच्या. त्यांनी हात कमरेएवढा खाली धरला, एवढं पोर दाखवतात तसा.

"माय सन," त्या म्हणाल्या. "स्मॉल. यू कट. ही लिव्ह?"

मी मागून जोरजोरात मान हलवत होते. पण त्या बाईने माझ्याकडे बघितलंच नाही. कदाचित बघितलं असेल आणि तिला खोटं बोलवलं नसेल. तिने आईंचा तो हवेत धरलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"येस," ती म्हणाली. "आय थिंक सो. आय ॲम सो सॉरी."

"थँक्यू," आई म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

ती गेल्यावर मी सुरुवात केली, "आई, ती म्हणत होती की तेव्हा..."

"येस एवढं कळतं गं मला." त्यांनी पदराने तोंड पुसलं, नीट, कोपऱ्याकोपऱ्यातून. "शंतूला सांगू नकोस, मला कळलंय म्हणून. त्याला आता अजून त्रास नको."

तेवढ्यात दार उघडलं आणि नर्सने शंतनूची खुर्ची बाहेर आणली. तो हसत होता.

"आई, उठली ती! पाणी मागितलं."

"मागणारच," आई म्हणाल्या, आणि त्याही हसल्या.