हिरव्या शेंगा

"लघवीचा रंग कसा होता?"

"कसा म्हणजे?"

"नगात, रंग सांग."

"चहासारखा. जास्त उकळलेल्या काळ्या चहासारखा," नगात म्हणाली आणि रडायला लागली.

तिच्या मांडीवर तीन वर्षांचा अवद पडला होता. मी अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढली. आत लाली नव्हती. पिठासारखा पांढरा पडला होता पोर. आतल्या खोलीतून डॉक्टर हातेमचा आवाज आला, "कावीळ आहे सिस्टर. उसाचा रस द्या, विश्रांती द्या, घरी पाठवा."

त्याने पोराला हातही लावला नव्हता. हे डॉक्टर आमच्याकडे सक्तीची नोकरी करायला येतात. वर्षभर फोनकडे बघतात आणि निघून जातात. मी सनिया, एकतीस वर्षं ह्याच आरोग्य केंद्रात सुया टोचते, आणि असे तेवीस पाहिलेत.

"परवा काय खाल्लं ह्याने?" मी विचारलं.

"माझ्या हातचं खाल्लंय," दारातून उम्म मुतवल्ली म्हणाली. "वाईटसाईट कुठून खाईल?"

अवदची आजी ती, नगातची आई. गावाच्या तिठ्यावर तिची गाडी असते. रात्रभर मंद आचेवर शिजवलेल्या बाकल्याची, वालासारख्या मोठ्या दाण्यांची, तांब्याची हंडी, बाजूला लिंबू, जिरं, तेल. अर्धं गाव तिच्या हातचा बाकला खाऊन कामाला जातं. मीसुद्धा.

"खाला, काय दिलंस त्याला?"

"अगं बाकल्याच्या शेंगा दिल्या. कोवळ्या, हिरव्या. सणाचे दिवस, पोरगं मागत होतं. मूठभर खाल्ल्या असतील."

"आई!" नगात ओरडली. "सिस्टरने सांगितलं होतं ना, कच्च्या शेंगा देऊ नका म्हणून!"

"पोट नाजूक आहे म्हणाली होती. कुणाचं नसतं नाजूक? म्हणून काय पोराने वसंतात शेंग खाऊ नये?"

ती मलाच विचारत होती. मी चिठ्ठीचा कागद ओढला.

केंद्राला एक गाडी आहे. ती डॉक्टरला स्टेशनवरून आणायला जाते, रोग्याला न्यायला तिच्यात पेट्रोल नसतं. मी रस्त्यावरची रिक्षा थांबवली. मोठ्या इस्पितळासाठी माझ्या हातानेच चिठ्ठी लिहिली : बाकल्याच्या शेंगा खाऊन रक्तपेशी फुटल्या, ताबडतोब रक्त चढवा. डॉक्टरसमोर आपटली. "सही कर."

त्याने वाचलं आणि त्याचे कान लाल झाले. "हे आम्हाला शिकवलं होतं."

"मग?"

"विसरलो."

"विसर. सही कर."

अवद वाचला. दोन पिशव्या रक्त लागलं. चौथ्या दिवशी त्याने खाटेवरून नर्सला लाथ मारली म्हणे. मला फोनवर नगातने हसत सांगितलं.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिली नसती.

उम्म मुतवल्लीला दोन मुलगे होते. मोठा मुतवल्ली चौथ्या वर्षी गेला. पुढचा मुलगा झाला तेव्हा तिने त्याचं नाव शहात ठेवलं, म्हणजे भिकारी. मरणाला वाटावं, ह्याच्यात काय घ्यायचंय? त्याला मुलीचा झगा घातला, एका कानात निळा मणी घातला, दृष्ट लागू नये म्हणून तोंड धुतलं नाही. तोही गेला, तीन वर्षांचा असताना, वसंतातच. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, नोकरीचा दुसरा महिना. तोही असाच पांढरा पडला होता. तेव्हाच्या डॉक्टरने सांगितलं, "ताप व कावीळ लिही," आणि मी वहीत ताप व कावीळ लिहिलं. काय खाल्लं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

दोन वर्षांनी मला जिल्ह्याला शिकायला पाठवलं. तिथे एका बाईने भिंतीवर चित्र दाखवलं : पांढरा पडलेला मुलगा, शेजारी बाटलीत काळी लघवी, शेजारी हिरवी शेंग. बहुतेक मुलग्यांनाच होतं, म्हणाली. रक्तात एक गोष्ट कमी असते, आणि ती आईकडून येते. शिजवलेला सुका बाकला बऱ्याचदा पचून जातो, म्हणून घरात कुणाला संशय येत नाही. कच्ची शेंग रक्त फोडते.

मला माझ्या वहीतली ती ओळ आठवली : ताप व कावीळ.

गावात परतल्यावर मी प्रत्येक बाळंतिणीला सांगत सुटले. फक्त एका घरी गेले नाही. काय सांगणार होते? की तुझ्या पोरांना दृष्ट लागली नव्हती? दर वसंतात सणानंतरच्या पहिल्या गुरुवारी ही बाई टोपलीभर हिरव्या शेंगा घेऊन कबरस्तानात जायची. मेलेल्याच्या नावाने आम्ही खाऊ वाटतो. कुणी खजूर वाटतं, कुणी पाव. ही शेंगा वाटायची, कारण दोन्ही पोरांनी जाण्याआधी हट्टाने त्याच मागून खाल्ल्या होत्या. एकोणतीस वसंत मी तिला तिथे पाहिलं. एकदा तिने माझ्याही हातावर शेंगा ठेवल्या, आणि मी त्या खाल्ल्या.

तीन मुलींनंतर नगातला अवद झाला. अवद म्हणजे भरपाई. तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. मी म्हणाले, "त्याचं पोट नाजूक आहे, कच्च्या शेंगा देऊ नका." वाटलं, पोरगं वाचेल आणि म्हातारीला कळणारही नाही. ह्याला मी दया समजत होते. भित्रेपणा होता तो, आणि त्याने तिसऱ्या पोराला खड्ड्याच्या काठापर्यंत नेलं.

अवद घरी आला त्या दिवशी उम्म मुतवल्ली केंद्रात आली. बाकावर बसली. हाताला जिऱ्याचा वास.

"मोठ्या इस्पितळात म्हणाले, शेंगांनी झालं."

"हो खाला."

"माझ्या पोरांचीही लघवी काळी होती."

मी सुयांचा ट्रे पुसायला घेतला.

"सनिया, तू इथेच होतीस. शहातला मी ह्याच बाकावर आणलं होतं. शेंगांनीच गेला ना तो?"

"हो."

"मुतवल्लीही?"

"बहुतेक."

"दृष्ट नव्हती?"

"नाही."

तिने पदर तोंडावर ओढला, परत काढला. "आणि हे रक्तात येतं कुठून?"

खोटं अगदी जिभेवर आलं होतं. "आईकडून," मी म्हणाले.

"म्हणजे रक्तही माझं, आणि हातही माझाच." मग फार हळू विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"एकोणतीस वर्षं."

शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर मला झोप लागली असती. ती उठली. दारात म्हणाली, "नगातला मात्र काही बोलू नको. तिला वाटेल, तिच्यामुळे."

गुरुवारी मी कबरस्तानात गेले. ती होती. समोर दोन बुटक्या कबरी, मांडीवर शेंगांची टोपली. पोरं हात पसरून भोवती उभी. "द्या ना आजी! एवढ्या एकटी खाणार?"

"पळा! घरी जा! नाही मिळायच्या!" ती खेकसली. तीस वर्षांत तिने पोरांना कधी हाकललं नव्हतं.

पोरं पांगली. ती एकेक शेंग मोडत होती आणि खात होती. सालासकट, मीठ न लावता. हनुवटीवर हिरवी लाळ ओघळत होती. एक संपली की दुसरी.

"खाला, बस कर."

तिने पुढची शेंग मोडली. मी टोपली रिकामी होईपर्यंत तिथेच उभी राहिले.

रविवारी सकाळी मी केंद्र उघडलं तेव्हा ती पायरीवर बसली होती. ओढणीखालून तिने लोणच्याची काचेची बरणी काढली आणि टेबलावर ठेवली. आत तिची लघवी होती.

"बघ," ती म्हणाली.

मी बरणी खिडकीशी धरली. फिकी पिवळी. स्वच्छ. पलीकडचा कालवा दिसत होता त्यातून.

"तीन दिवस झाले," ती म्हणाली. "टोपलीभर खाल्ल्या. मला काहीच होत नाही गं."

बायकांना बहुतेक काही होत नाही, हे मी सांगू शकले असते. मी वही उघडली. रोगी आला की आम्ही वही उघडतो, दुसरं काय येतं आम्हाला? लिहायला लागले : उम्म मुतवल्ली, म्हणजे मुतवल्लीची आई.

ती वाचायला शिकलेली नाही. पण मी कुठलं नाव लिहितेय हे तिला ठाऊक होतं, आणि तिने माझ्या हातावर आपला हात ठेवला.

"ते नको लिहू."

"मग काय लिहू खाला?"

बराच वेळ ती आठवत बसली.

"तफीदा," ती म्हणाली. "माझं नाव तफीदा आहे."