सुईच्या जागी मी

मी गोळ्यांची एक जुनी डबी आहे आणि माझ्या पोटात अजून निम्म्या गोळ्या शिल्लक आहेत. औषधाच्या डबीला असं म्हातारपण येऊ नये, मित्रांनो.

एका कारखान्यात माझ्यात जीवनसत्त्वाच्या पिवळ्या गोळ्या भरल्या आणि वर निळं झाकण बसवलं. यवतमाळच्या औषधाच्या दुकानातून मला हंसाबाईने नेलं. तिच्या अकरा वर्षांच्या उज्ज्वलाला मधुमेह होता, लहान मुलांना होतो तो. त्यात रोज इन्सुलिनची सुई टोचावीच लागते. साखर सतत वाढलेली राहिली तर मुलांच्याही रक्तवाहिन्या आतून खराब होतात. मला हातात धरून तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या गोळ्यांनी नसांना थोडी मदत झाली तर होईल. पण सुईचं काम सुईच करते, बाई." मला त्यात अपमान वाटला नाही. खरं तेच होतं.

आर्णीजवळच्या त्यांच्या बंजारा तांड्यावर मात्र माझी चैन झाली. इन्सुलिन गार राहावं म्हणून ओल्या फडक्याखाली मडक्यात असायचं आणि मी देवाजवळच्या फळीवर. सुई पाहिली की उज्ज्वला रडायची, मला पाहून हसायची. शेजारणी मला 'ताकदीच्या गोळ्या' म्हणायच्या. सुई बिचारी रोज पोरीचा जीव राखायची, पण नावडतीचं मीठ अळणी.

श्रावणात तीज आली. तेव्हा तांड्यावरच्या लग्न न झालेल्या मुली टोपल्यांत गहू पेरतात, त्याला पाणी घालतात, नाचतात, उपास धरतात. आदल्या वर्षी उज्ज्वला दवाखान्यात होती. यंदा ती हटूनच बसली.

"याडी, मीबी उपास धरतो," ती आईला म्हणाली. "तीज होईस्तोवर सुई नको देऊ."

हंसाबाईला पोरीचं मन मोडवेना. ती नवऱ्याला, भीमसिंगला म्हणाली, "खाऊनच नाही राह्यली तं सुई कायले पाहिजे? या गोळ्या दोन-दोन देतो. डॉक्टरीणबाईनंच तं देल्ल्या."

उपाशीपोटीही शरीराला इन्सुलिन लागतं, हे तिला ठाऊक नव्हतं. माझं झाकण उघडताना तिच्या चेहऱ्यावर नुसती माया असायची. मला ओरडावंसं वाटायचं. मी कसली ओरडते.

उज्ज्वला नाचली, सगळ्यांत पुढे नाचली. मग तिला तहान लागली, ती काही केल्या भागेना. ओकाऱ्या सुरू झाल्या, धाप लागली, तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येऊ लागला. "उपासानं पित्त झालं," बाया म्हणाल्या. हंसाबाईने माझ्यातली आणखी एक गोळी तिच्या तोंडात घातली. ती पाण्याबरोबर बाहेर आली.

भीमसिंगने तिला मोटरसायकलवर मध्ये बसवून नेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. तीज संपल्यावर तिच्या टोपलीतला गहू मैत्रिणींनीच पाण्यात शिरवला.

त्यानंतर मला कुणी शिवलं नाही. माझ्यावर धूळ बसली. थंडी पडल्यावर हंसाबाई मला डॉक्टरीणबाईंना परत द्यायला यवतमाळच्या दवाखान्यात घेऊन आली. बाकावर शेजारी उमरखेडची शीला होती, मांडीवर तिची सुई घेणारी लहानगी. तिने मला ओळखलं.

"यानं सुई सुटते म्हणते. खरं काय, बाई?"

हंसाबाईने पदराने माझ्यावरची धूळ पुसली. मग म्हणाली, "नाही सुटत. पोर उपाशी असली तरी नाही सुटत. मी सोडली होती."

"मंग? कशी आहे पोरगी?"

"गेली."

शीलाने लहानगीला जवळ ओढलं.

मित्रांनो, मला डॉक्टरांनी दिलं तर जरूर घ्या. पण मला सुईच्या जागी बसवू नका. तुमच्या वर्गात सुई घेणारं कुणी असेल, तर सणासुदीला त्याला उपासाचा आग्रह करू नका, त्याच्या सुईला हसू नका. उज्ज्वलाला फक्त सगळ्यांसारखं नाचायचं होतं. सुई घेऊन, दोन घास खाऊनही तिला नाचता आलं असतं.