स्मशान (अन्य)

देवासच्या त्या कार्यालयात सकाळपासून एकाच गोष्टीवर वाद चालला होता. तळे कुठे संपते आणि डबके कुठे सुरू होते?

"पाणी वर्षभर टिकलं तर तळं, उन्हाळ्यात आटलं तर डबकं," उर्वी म्हणाली.

"फिर तो मैडम, आधे मालवा में तालाब ही नहीं बचेगा," अंतरसिंह मालवीय म्हणाला आणि सगळे हसले.

काम वाटते तितके सोपे नव्हते. ड्रोनने छायाचित्रे घेऊन सरकार गावोगावचे नवे नकाशे करणार होते. आजवर प्रत्येक जिल्हा आपापल्या मर्जीने नकाशा काढी. एकाची पायवाट तो दुसऱ्याचा रस्ता, एकाचे गोदाम ती दुसऱ्याची शाळा. म्हणून जमिनीवरच्या प्रत्येक गोष्टीची एकच व्याख्या आणि एकच संकेतांक ठरवायचा होता. ही तांत्रिक मानके एकदा मंजूर झाली की पुढची कित्येक वर्षे रस्ता, नळ, शाळा, सगळे या नकाशावरूनच मिळणार किंवा नाकारले जाणार होते. मसुदा लिहिण्याची जबाबदारी उर्वीवर होती. तिचे पूर्वज धार संस्थानात कामाला होते. आता घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि दोन्हींची सरमिसळ तिच्या जिभेवर. अंतरसिंह सर्वेक्षणाचा पर्यवेक्षक होता. त्याने अर्धा माळवा पायाखाली घातला होता.

दुपारी स्मशानाचा मुद्दा निघाला. प्रकल्पप्रमुख राजवीर यांनी चष्मा पुसला. देवासच्या जुन्या मराठा घराण्यातला हा माणूस, आवाज कधी चढवत नसे.

"जिल्ह्यांकडून सूचना आली आहे. इथे दोन संकेतांक ठेवू या. श्मशान मुख्य आणि श्मशान अन्य."

"अन्य म्हणजे?" उर्वीने विचारले.

राजवीर पडद्याकडेच पाहत राहिले. "गावांत असतात ना दोन-दोन. जमिनीवर जे आहे ते नकाशात यायला हवं. आपण काही समाज सुधारायला बसलेलो नाही."

अंतरसिंहचे हसू केव्हाच विरले होते. "अन्य मतलब हम लोग, मैडम," तो शांतपणे म्हणाला. "लिख लीजिए."

उर्वीने लिहून घेतले. तिला बोचले, पण पुढे विहिरींचा मुद्दा होता आणि जेवायची वेळ झाली होती. अंतरसिंहने रोजच्यासारखी लसणाची चटणी तिच्या डब्याच्या झाकणात वाढली. तिने ती खाल्ली आणि विहिरींचे पान उघडले.

भाद्रपदात मसुद्याची चाचणी करायचे ठरले. उर्वीने अमझेऱ्यापुढचे सेमल्याखेडी निवडले. तिथे तिचे सख्खे काका, उमाशंकर पुराणिक, मंदिराची पूजाअर्चा पाहत आणि गावच्या स्मशान समितीचे अध्यक्ष होते. नाल्यापलीकडच्या खालच्या दलित वस्तीत अंतरसिंहचे आईवडील राहत. दोघांच्या ओळखीचे गाव म्हणजे काम सोपे होईल, एवढाच तिचा विचार होता.

ती काकांकडेच उतरली. विधवा झाल्यापासून भावाकडे राहणारी थोरली आत्या, अक्का, तिला आग्रह करकरून वाढत होती. बाहेर पावसाची झड लागलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंतरसिंह अंगणात येऊन उभा राहिला. अंगावरून पाणी निथळत होते.

"आत या ना," उर्वी म्हणाली. तो ओट्याची पायरी चढला नाही.

"पंडितजी, बा नहीं रहे. कल शाम को गए."

काकांनी हात जोडले. "भेरूलाल भला आदमी था."

"रात से पानी रुका नहीं. नाले पर चिता जलेगी नहीं. श्मशान के शेड की चाबी दे दीजिए."

काकांचा चेहरा कठोर झाला नाही. तसा झाला असता तर उर्वीला कदाचित बरे वाटले असते. ते मायेने बोलले. "देख भिया, दुःख हमको भी है. पर शेड की रीत तू जानता है. थोड़ा रुको, पानी थम जाएगा."

"कल से ही तो रुके हैं, पंडितजी."

"मेरे अकेले के हाथ में नहीं. पूरे गाँव का मामला है."

"काका," उर्वी मध्येच म्हणाली, "शेड ग्रामपंचायतीनं बांधली आहे. ती गावाची आहे."

"तू नकाशे काढ बाळ. गावात राहायचं आहे ते आम्हाला." ते देवघराकडे वळले.

अंतरसिंह माघारी फिरला. उर्वीने चपला पायात सरकवल्या. स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभी होती.

"कुठं निघालीस? बायका जात नाहीत तिकडं."

"मी जाते आहे, अक्का."

नाल्याकाठी वस्तीतले पुरुष गोळा झाले होते. ओल्या लाकडांवर भेरूलालजींचा देह ठेवलेला होता आणि चौघे जण घराचे पत्रे काढून आणून ते चितेवर धरून उभे होते. वाऱ्याने पत्रे हलत, पाणी आत शिरे. घासलेट ओतून पाहिले, जुने टायर पेटवून पाहिले. धूर होई, जाळ धरत नसे. एका म्हाताऱ्याने पत्र्याचे टोक डोक्यावर घेतले होते. समोरच्या उंचवट्यावर सिमेंटच्या ओट्याची पक्की शेड स्पष्ट दिसत होती. आत कोरडी लाकडे रचलेली होती. जाळीच्या दाराला कुलूप होते.

मग नाल्याचे पाणी चितेच्या खालच्या लाकडांपर्यंत आले. एक ओंडका सुटून वाहत गेला.

अंतरसिंहने तो ओंडका जाताना पाहिला. ज्या माणसाने त्याला खांद्यावर बसवून शाळेत पोहोचवले, त्याचे पाय आता पाण्यात भिजत होते. त्याने हातातला पत्रा खाली टाकला.

"उठाओ," तो म्हणाला.

"कां लइ जावां?" कुठे न्यायचे, कोणीतरी घाबरून विचारले.

"ऊपर."

पत्रा डोक्यावर घेतलेल्या त्या म्हाताऱ्यानेच आधी तिरडीला खांदा दिला. वस्तीतली अंत्ययात्रा पहिल्यांदाच गावच्या मुख्य रस्त्याने निघाली. खिडक्या उघडल्या, दारे बंद झाली. उर्वी त्यांच्याबरोबर चालत होती.

शेडपाशी पोहोचेपर्यंत काका आणि दहा-पंधरा माणसे तिथे आली होती.

"अंतरसिंह, ताला तोड़ा तो केस होगा," काका ओरडले.

"कर दीजिए, पंडितजी. मैं भी करूँगा. थाने दोनों साथ चलेंगे."

काकांबरोबरचे दोघे तिरडीकडे सरसावले. उर्वी मध्ये आडवी आली. "काका, तुमच्या अंगाखांद्यावर वाढले मी. आज यांना हात लावायचा असेल तर आधी मला धक्का मारून बाजूला करा. सगळ्यांसमोर करा."

काकांनी तिच्याकडे पाहिले. पुतणीला धक्का मारणे त्यांना जमले नाही. बाकीचे त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. तेवढ्यात अंतरसिंहने, उर्वी ज्यातून आली होती त्या कचेरीच्या जीपमधून सीमेचे दगड ठोकायचा हातोडा आणला आणि कुलूप तोडले. थोड्याच वेळात कोरड्या लाकडांनी पेट घेतला. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि खाली भेरूलालजींची चिता धडधडत होती.

संध्याकाळी काकांच्या ओसरीवर मंडळी जमली. गोमूत्र शिंपडायचे, नर्मदेचे पाणी आणून शेड धुऊन घ्यायची, असे बोलणे चालले होते. इतकी वर्षे पुरुषांच्या बैठकीत पाऊल न टाकणारी अक्का बाहेर आली.

"उमाशंकर, शेड धुवायची नाही."

"अक्का, तू आत जा."

"जाते. पण ऐकून घे. आता जायची पाळी माझी आहे. मला भेरूलालच्या जागेवरच ठेव, न धुता. धुतलेल्या जागेवर ठेवलंस तर माझ्या पिंडाला कावळा शिवायचा नाही, सांगून ठेवते."

शेड धुतली गेली नाही. पण दुसऱ्या दिवशी नवे कुलूप लागले. वस्तीला गावातले वाणसामान बंद झाले, चक्कीवाला दळण परत पाठवू लागला. अंतरसिंहची आई अमझेऱ्याहून पीठ आणी. त्याच्यावर कुलूप तोडल्याची तक्रार झाली, आणि त्याने म्हटल्याप्रमाणे आपली तक्रारही नोंदवली. ती नोंदवून घ्यायला ठाण्याने आठवडा लावला. तो रोज जाऊन बाकावर बसत राहिला.

देवासला राजवीरांनी उर्वी आणि अंतरसिंह दोघांना बोलावले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी मनापासून तोडगा काढला होता.

"अन्य हा संकेतांक राहू द्या. त्याच्याच आधारावर वस्तीला स्वतंत्र शेड मंजूर करून देतो. पक्की. भांडण कायमचं मिटेल."

उर्वीने अंतरसिंहकडे पाहिले. शेड त्याच्या माणसांना मिळणार होती, तिला नाही.

"साहब, शेड तो मिल जाएगी," अंतरसिंह म्हणाला. "पर नक्शे में हम हमेशा के लिए अन्य हो जाएँगे. मेरे बच्चे भी. अभी तो गाँव बोलता है. फिर सरकार बोलेगी."

"जमिनीवर जे आहे तेच आपण दाखवतो, मालवीयजी."

"तेच दाखवू या सर," उर्वी म्हणाली. "रस्त्यावर दरड कोसळली तर आपण वेगळ्या जातीचा रस्ता लिहीत नाही. रस्ता तोच राहतो. पुढे अडथळा लिहितो, आणि तो कोणी हटवायचा तेही लिहितो. सेमल्याखेडीत मी दोन स्मशानं पाहिली नाहीत. एक स्मशान पाहिलं आणि एक कुलूप पाहिलं. नाल्याकाठी आहे तो चिखल आहे."

"भोपाळ हे मान्य करणार नाही."

"मग मसुद्यावर माझी सही नसेल."

भोपाळच्या बैठकीत एका वरिष्ठ अधिकाऱ्याने स्मित करून सांगितले, की जात हा नकाशाशास्त्राचा विषय नाही.

"मग हा अन्य शब्द नकाशाशास्त्रात कुठून आला, साहेब?" उर्वीने विचारले. चर्चा लांबली, चहा आला, गेला. शेवटी दुसरा संकेतांक खोडला गेला. प्रवेशबंदीची नोंद अडथळा म्हणून करायला मंजुरी मिळाली, तीही चाचणीपुरती. महिन्याभरात उर्वीला त्या कामावरून काढून दुसऱ्या विभागात बसवण्यात आले. कारण कोणी सांगितले नाही.

कार्यभार सोपवायच्या दिवशी ती आणि अंतरसिंह शेवटची नोंद करायला बसले. सेमल्याखेडी. स्मशान, सार्वजनिक. अडथळा: जातीवरून प्रवेशबंदी, कुलूप. अडथळा हटवण्यास जबाबदार:

उर्वीची बोटे थांबली.

"मैडम, सिर्फ समिति लिख देंगे तो भी चलेगा," अंतरसिंह हलकेच म्हणाला.

"नाही चालणार," ती म्हणाली. तिने 'अध्यक्ष' लिहिले आणि पुढे काकांचे पूर्ण नाव लिहिले, आपल्याच आडनावासकट. मग नोंद पक्की केली.

काकांच्या घराचे दार आता तिला बंद आहे. अक्का तेवढी चोरून फोन करते.

वाचकहो, उद्या ड्रोन तुमच्या गावावरूनही उडेल. वरून त्याला पत्र्याची शेड दिसेल, कुलूप दिसणार नाही. ते खाली उभे राहून कोणाला तरी नोंदवावे लागेल. तेव्हा 'जबाबदार' या शब्दापुढे कोणाचे आडनाव येणार आहे, हे आजच आपल्या घरात विचारून पाहा.