एक्झिल्डाचा उपास

शनिवारी फादरनी योलांदला क्षमा नाकारली. सहावं मूल झालं तर ते वाचेल, तू वाचणार नाहीस, असं डॉक्टरने बजावलं होतं. तेव्हापासून ती आणि तिचा नवरा मूल राहू नये म्हणून जपून राहत होते. चर्चमध्ये पापांची कबुली द्यायला गेल्यावर तिने ते खरं खरं सांगून टाकलं.

"मूल अडवणं पाप आहे. सोडणार नसशील तर क्षमा नाही," जाळीपलीकडून उत्तर आलं.

जन्मात एक दुपटं न धुतलेला माणूस बायकांच्या पोटाचा जाब विचारतो, आणि सगळं क्वेबेक गुडघे टेकून तो देतं!

क्षमा नाही म्हणजे रविवारी मिस्सेत, चर्चमधल्या उपासनेत, प्रसाद नाही. सगळे उठून पुढे जाणार, योलांद एकटी बाकावर राहणार, आणि कशामुळे ते दुपारच्या जेवणाआधी गावभर होणार.

तिने आईला सांगितलं. एक्झिल्डाने चौदा बाळंतपणं काढलेली. रोज संध्याकाळी घरादाराला गुडघ्यांवर बसवून जपमाळ म्हणवून घेणारी बाई. ती बटाटे सोलत राहिली. एवढंच म्हणाली, "उद्या माझ्याशेजारी बस."

आईने आपल्याला टाकलं, असंच योलांदला वाटलं.

रविवारी प्रसादाची घंटा झाली. लोक उठू लागले. योलांदने मान खाली घातली. तेवढ्यात शेजारी कागदाची पुडी चुरचुरली. आईने गुलाबी पेपरमिंट तोंडात टाकलं आणि कडाकड चावलं.

मागच्या बाकावरची अल्मोझा दचकली. "एक्झिल्डा! अगं, उपास!" प्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा घोटही चालत नसे.

"अगं बाई! विसरलेच की!" एक्झिल्डा वेदीपर्यंत ऐकू जाईल अशी बोलली. "आणि पोरीलाही खाऊ घातलं. आता बसतो दोघी इथेच."

तिने एक गोळी योलांदच्या मुठीत कोंबली.

"आई, तू कशाला गं..."

"गप. मी चौदा काढली म्हणून तू मरायचं? कुठे लिहिलंय ते दाखव म्हणावं त्याला. चाव."

योलांदने चावली. फादर प्रसादाचं पात्र घेऊन कठड्यापाशी आले, तशी आईची नजर त्या पात्रावर खिळली. बाळंतपणं सोडली तर लग्नानंतर एकही रविवार चुकला नव्हता तिचा. डोळे भरले होते, पण जबडा चालूच होता.

योलांदने तिचा हात धरला. "पुढच्या रविवारी गं?"

"पुडी भरलेली आहे," आई म्हणाली.